जुनं पान का नवं?

अप्पांची आठवण आली की मला आधी माझा राग येतो आणि मग अप्पांचा. दोघांचाही येतो म्हणून तर हे लिहायला इतके दिवस लागले. मी नांदेडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. अप्पा म्हणजे शिवमूर्तीअप्पा, अर्धापूरला खतं-बियाणांचं दुकान चालवणारे. त्यांना मी एकदा एक गोष्ट सांगितली. खरी सांगितली, पण अर्धी सांगितली. त्या अर्ध्या गोष्टीला धरून हा माणूस पोटच्या मुलीची किडनी नाकारून बसला. आता बोला!

आमची पहिली भेट मला अजून बोचते. पोरापोरींना केळीच्या बागा दाखवायला मी अर्धापूरला घेऊन गेले होते. त्याच दिवसांत आमच्या अंगणातलं कागदी लिंबाचं झाड पिवळं पडत चाललं होतं. त्याचं एक पान मी पर्समध्ये टाकून आणलं होतं, म्हटलं जाताजाता कुणाला तरी विचारू. बागायतदार म्हणाले, अप्पाकडे जा. दुकानात गेले तर काउंटरमागे एक उंच, काळेसावळे गृहस्थ बसलेले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. मी पान पुढे केलं. त्यांनी ते हातात घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी गुन्हा केलाय.

"लेकराला दवाखान्यात नेताना असं गाठोडं बांधून नेता का, बाई? पार सुकवलं की."

मी ओशाळून हसले. मग त्यांनी विचारलं, "जुनं पान का नवं?"

"म्हणजे?"

"बुडाकडचं तोडलं का शेंड्याकडचं?"

मला आठवेना! मागे माझे बारा विद्यार्थी उभे, त्यातल्या दोघी तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. दारातून निघताना हात जाईल तिथलं पान ओरबाडलं होतं मी, वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी. अप्पांनी माझी आणखी परीक्षा घेतली नाही. पान उजेडाला धरलं, उलटं केलं, देठ अंगठ्याच्या नखाने कापून बघितला.

"शिरा हिरव्या अन् मधी पिवळं. शेंड्याचंच हाय हे. औंदा घराला रंग दिला का?"

"दिला की, दिवाळीला."

"चुन्याच्या बादल्या कुठं धुतल्या?"

माझ्या डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं. रंगाऱ्याने सगळ्या बादल्या लिंबाच्या आळ्यातच विसळल्या होत्या आणि मीच म्हणाले होते, तिथेच ओता, तेवढंच झाडाला पाणी होईल.

"तुमच्या जमिनीत लोखंड लई हाय," अप्पा म्हणाले. "चुन्यानं त्येचं दार लावून घेतलंय. ताट वाढलेलं हाय अन् तोंड शिवलंय, असं झालंय त्या झाडाचं."

वरची माती खरवडून फेका, कुजलेलं शेणखत घाला, एवढंच त्यांनी सांगितलं. मी पर्स उघडून उभी, आणि हा दुकानदार मला काही विकायलाच तयार नाही. वर म्हणाले, "घेऊन काय करताव? झाडाला पायजे तर द्यावं."

मी निघणार, तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं. आवाज एकदम खाली आला होता. म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या हाव. एक इचारू का? लोखंड कमी पडलं की शेंड्याचं पान पिवळं पडतंय. अन् युरिया न्हाई तर पालाश कमी पडला की बुडाचं. सदा असंच. हे असं का? इतकी वर्षं बघून राहिलो, कंपनीच्या साहेबान्ला इचारलं, कुणीच सांगंना."

हे तर माझ्या दुसऱ्या वर्षाच्या पोर्शनमधलं! इतका वेळ गेलेली माझी अब्रू परत यायची संधी होती. मी काउंटरवर टेकून ऐटीत सांगायला लागले. मुळांनी जमिनीतून ओढलेली खनिजं पाण्याबरोबर वर चढतात. काही खनिजं झाडात हिंडतीफिरती असतात, नत्र, पालाश म्हणजे पोटॅशियम, मॅग्नेशियम. ती कमी पडली की झाड जुन्या पानातून काढून घेतं आणि नव्या पानाला पोचवतं. म्हणून जुनं आधी पिवळं पडतं. लोह आणि चुना एकदा पानात बसले की तिथून हलत नाहीत. म्हणून त्यांची उपासमार नव्या पानावर दिसते.

अप्पा तोंड उघडं टाकून ऐकत होते. "म्हंजे बुडाचं पान आपल्या तोंडातला घास काढून शेंड्याला देतंय?"

"हो."

"अन् शेंड्याचं पान बुडाला?"

"उलट कधी होत नाही," मी म्हणाले.

हेच ते चार शब्द. मी किती सहज बोलून गेले! वर्गात दरवर्षी बोलते तसं, खडू खाली ठेवता ठेवता. अप्पांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि त्याच्या मागे ते लिहून घेतलं.

त्यानंतर माझं अर्धापूरला जाणं वाढलं. कधी विद्यार्थ्यांना घेऊन, कधी उगाच. खरं सांगते, मला त्या दुकानात शिकायला मिळायचं. अप्पांचा नियम एकच, पान आणल्याशिवाय खत नाही. ते पानही ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचं, खिशात कोंबून आणलं की शिव्या. पान हातात आलं की पहिला प्रश्न तोच, "जुनं का नवं?" मग बॉलपेनने त्या पानाच्या पाठीवरच शेतकऱ्याचं नाव लिहायचे, खाली जुनं की नवं ते, आणि दुकानात बांधलेल्या सुतळीला चिमट्याने अडकवून ठेवायचे. महिन्याभराने तो माणूस परत आला की वाळलेलं पान काढून दाखवायचे, "बग, असं होतं तुझं. आता आणलेलं बग." आख्ख्या दुकानात ही पानं लटकलेली. वाऱ्याने सळसळ व्हायची तेव्हा नवीन माणूस दचकून वर बघायचा.

मूळचे ते उदगीरकडचे. त्यामुळे चिडले की कानडी बाहेर पडायचं. मुलीला लाडाने अव्वा म्हणायचे. बायको लवकर गेली, पदरात ही एकटी गौरी. तिला लातूरला दिली होती, तिला सहा वर्षांची एक मुलगी होती. तिचा फोन आला की अप्पा गिऱ्हाईक सोडून दुकानाबाहेर जाऊन उभे राहायचे आणि इतक्या मोठ्याने बोलायचे की फोनची गरजच नव्हती.

माणूस हट्टी किती असावा? आमच्या महेबूबभाईंचाच किस्सा सांगते. महेबूबभाई अर्धापूरचे जुने बागायतदार, त्यांच्या तीन पिढ्या केळीत. एकदा ते पान घेऊन आले. जुनंच पान, कडा हिरव्या आणि मधला पट्टा पिवळा. आल्या आल्या म्हणाले, "अप्पा, पालाश की दोन बोरी निकालो. घड मोठा पाहिजे औंदा."

अप्पांनी पान बघितलं आणि हात झटकले. "न्हाई देत."

"काय को नै देते?"

"आधी किती टाकला?"

महेबूबभाईंनी सांगितलं. अप्पांनी कपाळाला हात लावला. "अय्यो, एका दारातून तिघान्ला आत जायचं असतंय, महेबूबभाई. पालाश, मॅग्नेशियम अन् चुना. तुमी पालाशची एवढी गर्दी केली की मॅग्नेशियम बिचारं भायेरच उभं हाय. घड मोठा पायजे म्हणून झाडाला उपाशी मारायले तुमी."

"मेरा खेत, मेरा झाड! तुमको बेचने का है के नै?"

"इल्ला! तुमचं झाड हाय म्हणून मारू द्यायचं का?"

जी जुंपली! महेबूबभाई तरातरा निघून गेले, दुसऱ्या दुकानातून पोती नेली आणि टाकली. पुढच्या महिन्यात पानं आणखी पिवळी झाली तेव्हा गुपचूप येऊन दारात उभे राहिले. अप्पांनी सुतळीवरचं त्यांचं पान काढून समोर ठेवलं. वर चहा पाजला. तेव्हापासून दोघांची जी गट्टी जमली ती शेवटपर्यंत टिकली. अप्पांना आठवड्यातून तीनदा नांदेडला डायलिसिसला घेऊन जायची वेळ आली तेव्हा गाडी महेबूबभाईंची असायची आणि ते स्वतः चालवायचे.

तेच सांगायचं आहे आता, आणि तेच सांगावंसं वाटत नाही.

जगाची पानं वाचणाऱ्या या माणसाने स्वतःकडे बघितलंच नाही. गुडघे दुखायचे म्हणून वर्षानुवर्षं मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या, डॉक्टरला न विचारता. एकदा मी गेले तर पाय सुजलेले दिसले. मी म्हटलं, "अप्पा, हे काय?" तर पायावर अंगठा दाबून म्हणाले, "बगा की, खड्डा पडतोय. पाणी मुरून वापसा आला न्हाई अजून जमिनीला." आणि हसले. मीही हसले! मला जीवशास्त्र येतं आणि मी हसले. दुसऱ्याच्या लिंबाच्या पानावरून चुन्याच्या बादल्या ओळखणारा माणूस, त्याला कुणी विचारायला हवं होतं, गोळ्या कोणत्या खाता?

दम लागून पडले तेव्हा नांदेडला आणलं. गुडघ्याच्या त्या गोळ्यांनी दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मी भेटायला गेले तर पलंगावर बसून रिपोर्ट वाचत होते. मला म्हणाले, "बाई, ह्ये बगा. के म्हंजे आपला पालाशच ना?"

"हो, अप्पा."

"लई वाढलाय म्हणे रक्तात. बाहेर काढणारं दारच बंद पडलंय. अन् वाढला की काळीज थांबतंय म्हणे." मग डॉक्टर म्हणाले ते त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. केळी बंद, नारळपाणी बंद, भाज्या चिरून पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं. "आयुष्यभर सगळ्यान्ला सांगितलं, केळीला पालाश कमी पडू देऊ नका. आता मलाच केळ बंद!" कपाळावरच्या भस्माला बोट लावून डॉक्टरांना विचारलं होतं म्हणे, "साहेब, राखंत बी पालाशच असतोय. कपाळाला लावलेला चालंल का?" डॉक्टर हसले. अप्पाही हसत होते, पण डोळ्यांतून पाणी येत होतं.

गौरी लातूरहून आली ती परत गेलीच नाही. मुलीला सासूजवळ ठेवलं, दुकान उघडलं, बापाच्या भाज्या उकळायला लागली. आणि बापाला न सांगता स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. नवऱ्याची ना नव्हती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर केलेलं बरं, उशीर कराल तसं हृदय थकत जाईल. तिने हे अप्पांना सांगितलं त्या दिवशी महेबूबभाई तिथे होते. त्यांनीच मला नंतर सांगितलं.

अप्पा म्हणाले, "अव्वा, बुडाचं पान शेंड्याला देतंय. शेंड्याचं बुडाला देत न्हाई. उलट कधी होत न्हाई. नांदेडच्या बाईंनी सांगितलंय, कॉलेजात शिकवत्यात त्या."

"अप्पा, झाडाचं झाडापाशी! मी माणूस हाय," गौरी म्हणाली.

"घड उतरवला की केळीचा बुंधा आपण लगेच तोडत न्हाई. का? त्याच्यातलं बुडाशी फुटलेल्या पिलाला उतरू द्यायचं म्हणून. मी घड उतरलेलं झाड हाय, गौरे. माझं तुला येऊ दे. तुझं मी घेऊ? तुझं लेकरू लहान हाय. मी न्हाई घेणार."

डॉक्टरांनी समजावलं. एका किडनीवर माणूस नीट जगतो म्हणाले. जावयाने लातूरहून येऊन हात जोडले. महेबूबभाईंनी तर कुराणाची शपथ घातली. अप्पांचं एकच, उलट कधी होत नाही. महेबूबभाई मला म्हणाले, "मॅडम, हमारे अप्पाने तो दिवार बांध ली. और ईंट तुम्हारी है."

मग गौरी आली माझ्याकडे, कॉलेजात, माझा तास संपायच्या वेळी. वर्गाच्या दारात उभी राहिली. मी तिला स्टाफरूममध्ये नेलं. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, "मॅडम, तुमच्या एका वाक्यापायी माझा बाप मरायलाय. ते खरं हाय का?"

"काय?"

"वरचं पान खाली काहीच देत न्हाई, हे."

मी प्राध्यापक आहे. मला उत्तर तिथल्या तिथे माहीत होतं. मी म्हणाले, "तसं नाही गं. ते खनिजांचं झालं. झाडात आणखीही पुष्कळ काही खालीवर जातं."

"मंग ते येऊन सांगा त्यान्ला. माझं ऐकत न्हाईत, डॉक्टरचं ऐकत न्हाईत. तुमचं ऐकतेत."

"येते," मी म्हणाले. "याच आठवड्यात येते."

आणि मी गेले नाही. आधी प्रॅक्टिकल परीक्षा होत्या. मग कॉलेजला तपासणी समिती येणार म्हणून फायली. मग सासूबाईंचा मोतीबिंदू. सगळी खरी कारणं, एकही खोटं नाही! पण त्यांच्या खाली आणखी एक होतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी घाबरले होते. मी जाऊन सांगितलं, त्यांनी ऐकलं आणि त्या पोरीला टेबलावर काही झालं तर? तिच्या सहा वर्षांच्या मुलीला मी काय तोंड दाखवू? बोलून एकदा अडकले होते, आता पुन्हा बोलायचं नको, असं मनाशी धरून बसले. गौरीचे फोन आले, मी "हो हो, येते" म्हणत राहिले. मग तिचे फोन यायचे थांबले. असे चार महिने गेले.

शेवटी गेले ते महेबूबभाई मला नांदेडच्या बाजारात भेटले म्हणून. त्यांनी सलाम केला नाही. नुसतं म्हणाले, "अप्पा विचारते थे, बाई आजकल दिखते नै."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्धापूरला गेले. अप्पा घरात खाटेवर होते. इतका मोठा माणूस पार आटला होता, हाताच्या शिरेवर डायलिसिसच्या गाठी उठलेल्या, ओठ कोरडे. पाणीसुद्धा मोजून प्यायचं होतं त्यांना. मला बघून उठून बसायला लागले. "शरणार्थ, बाई. लिंबू कसं हाय?"

"चांगलं आहे. अप्पा, मी तुम्हाला एक सांगायला आलेय. तेव्हा मी अर्धंच सांगितलं होतं."

गौरी दारात परात घेऊन उभी होती, ती तिथेच थांबली.

मी सांगितलं. खडू नव्हता, ऐट नव्हती. म्हटलं, खनिजं खालून वर जातात हे खरं. पण ती वर पाठवतं कोण? मूळ. आणि मूळ काय खातं? मुळाला ऊन नाही, स्वतःचं अन्न त्याला करता येत नाही. अन्न पानात होतं, उन्हावर. ती साखर पानातून खाली उतरते, खोडातून पार शेवटच्या मुळीपर्यंत जाते. जुनी पानं गळून पडतात, मग वरची नवी पानंच मुळांना पोसतात. मुळाला ते मिळालं नाही तर खत कितीही ओता, मुळाला ओढायची ताकदच राहत नाही. मग शेंड्यालाही काही मिळत नाही. झाड असंच चालतं, अप्पा. एक वाट वर जाते, एक खाली येते.

अप्पा चादरीवर अंगठ्याचं नख ओढत होते, देठ कापायची सवय होती तसं.

"म्हंजे मूळ बी लेकराचंच खातंय," ते म्हणाले.

"हो."

"अन् त्येच्यानं लेकरू मरत न्हाई?"

"नाही, अप्पा. त्याच्यानेच झाड उभं राहतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. राग असता तर मला बरं वाटलं असतं. एखादी गोष्ट समजत नाही म्हणून विचारावी तसं त्यांनी विचारलं, "मंग हे आधी का न्हाई सांगितलं, बाई?"

आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "तुम्ही विचारलं नव्हतं."

जीभ झडली असती तर बरं झालं असतं. अप्पांनी मान हलवली, जणू हेही बरोबरच आहे. मग दाराकडे वळून म्हणाले, "अव्वा, डॉक्टरला फोन लाव. म्हणावं, अप्पा तयार हाय."

गौरीच्या हातातली परात खाली पडली. ती बापाच्या गळ्यात पडून रडली आणि मग माझाही हात धरून रडली. मला वाटलं, सुटले. चार महिन्यांनी का होईना, सुटले मी.

आठ दिवस पुन्हा सगळ्या तपासण्या झाल्या. मग डॉक्टरांनी गौरीला आणि महेबूबभाईंना आत बोलावलं. हृदय आता फार थकलंय, ऑपरेशन झेपणार नाही, असं त्यांनी सांगितलं. भूल दिली तर उठतील याची खात्री नाही. चार-पाच महिन्यांपूर्वी करता आलं असतं. गौरीने बाहेर येऊन मला फोनवर हे सांगितलं, शब्दाला शब्द, आवाज न चढवता. तिने मला एकदाही बोल लावला नाही. लावायला हवा होता.

अप्पा त्यानंतर दोन महिने होते. एका सोमवारी सकाळी गेले. शनिवारी डायलिसिस झालं होतं, रविवारी सुट्टी असते, त्या मधल्या मोठ्या खंडात रक्तातला पालाश वाढला आणि काळीज थांबलं. घरी, खाटेवर. त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून मातीत ठेवलं, भस्म आणि बेलाची पानं घालून. महेबूबभाई खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसून हाताने माती ढकलत होते. मी लांब उभी होते.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथे नाही. त्याच्या दहा-बारा दिवस आधी पाहिलं. दुपारची वेळ होती. मी भीत भीत दुकानात गेले, तर अप्पा काउंटरमागे खुर्चीत बसलेले. भर उन्हाळ्यात अंगावर शाल. शेजारच्या स्टुलावर गौरी. समोर एक शेतकरी ओलं फडकं सोडत होता. आतून केळीच्या पानाचा तुकडा निघाला. अप्पांनी तो हातात घेतला, पण उजेडाला धरायला हात वर जाईना. मग त्यांनी तो गौरीकडे दिला.

"सांग. जुनं का नवं?"

गौरीने पान उजेडाला धरलं, उलटं केलं. कडा करपलेल्या होत्या. "जुनं हाय. पालाश कमी पडलाय."

"का?"

"बुडाचं पान आपल्यातला काढून शेंड्याला द्यायलंय."

"बरोबर. पण तेवढंच सांगून गिऱ्हाइकाला सोडायचं न्हाई, अव्वा. फुडचं बी सांगायचं. वरचं पान काय करतंय?"

माझ्याकडे गौरीने बघितलं नाही, पानाकडेच बघत राहिली. शेतकरी बिचारा या दोघांकडे बघत होता, त्याला खताची घाई होती.

"वरचं पान साखर करतंय," गौरी म्हणाली. "अन् खाली मुळाला देतंय."

"हाव. दोन्ही सांगायचं. सदा दोन्ही सांगायचं." अप्पांना एवढ्यानेच धाप लागली. त्यांनी पेन घेतलं, पान काउंटरवर पालथं ठेवलं आणि शेतकऱ्याचं नाव विचारून लिहिलं. मग मान वळवून मला म्हणाले, "बसा की, बाई. आता बरोबर सांगितलं ना आम्ही?"

"बरोबर, अप्पा," मी म्हणाले.

गौरी उठली आणि ते पान तिने चिमट्याने सुतळीला लावलं.